जेसीबी आधी की वही आधी? (गावच्या नाल्याबद्दल सल्ला हवा)

बोरीकाठ

राम राम मंडळी.

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. पूर्वेकडच्या बरडावरून एक नाला येतो, शाळेमागून वळसा घालतो आणि पुढे बोरीला मिळतो. पोळ्यापर्यंत बऱ्यापैकी वाहतो, दिवाळीपर्यंत डबकी राहतात आणि मग मृगापर्यंत तो गावाचा उकिरडा असतो. गोठ्याचं शेण, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा फाटका कागद, कपाशीवर मारलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या, सगळं तिथेच जातं.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चार-पाच जण आणि शाळेतली सातवी-आठवीची पोरं रविवारी सकाळी नाल्यावर जातो. साफसफाई करत नाही, नुसतं बघतो आणि लिहितो. पाणी किती, रंग कसा, वास येतो का, दगडाखाली कोणते किडे आहेत, कोणत्या विहिरीची पातळी किती चढली. पोरांना आवडतंय. मोठ्यांना वाटतं, यांना उद्योग नाही.

आता झालंय असं की गावच्याच एका मोठ्या माणसाने नाला खोलीकरणासाठी जेसीबीच्या डिझेलचा खर्च देऊ केलाय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आहे. बहुतेक गाव खूश आहे. माझं म्हणणं, अजून एक पावसाळा नोंदी करू, मग कुठे खणायचं ते ठरवू. सरपंच म्हणतात, "वहीने विहिरीला पाणी येतं का?"

तुमच्या गावांचा अनुभव काय? दोन्ही बाजूंनी बोला.

तिखट_शेव

वही आधी. जेसीबीला वाचता येत नाही, एकदा सुटला की सुटला.

केळीवाला_रावेर

भाऊ, राग मानू नका. नोंदी हा पोट भरलेल्यांचा धंदा आहे. आमच्याकडे केळीला बारमाही पाणी लागतं, बोअर दरवर्षी खाली जातात, पाईप जोडता जोडता माणूस कर्जात जातो. एवढं पाणी डोळ्यांदेखत तापीत आणि तिथून सुरतेला वाहून जातं. कोणी स्वतःच्या पैशाने डिझेल देतोय आणि तुम्ही म्हणता एक वर्ष थांबा? पाऊस थांबतो का तुमच्यासाठी? आधी खणा. पोरांना किडे नंतर दाखवा.

शिरपूरला जाऊन बघा. नाले रुंद आणि खोल केले, ओळीने बंधारे बांधले, विहिरींना पाणी आलं. तिथे कोणी वही घेऊन बसलं नव्हतं.

बोरीकाठ

@केळीवाला_रावेर दादा, राग कसला, हेच ऐकायला धागा काढलाय. फक्त एक. तुमची जमीन आणि आमची जमीन एक नाही. आमच्या नाल्यात वरच्या अंगाला दीड हातावर काळा दगड लागतो.

कातळ_आणि_गाळ

मी भूजलाच्या कामात नोकरी केली, आता घरी असतो. म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर खाली सरका.

शिरपूरला "कोणी वही घेऊन बसलं नव्हतं" हे बरोबर नाही. ते काम सुरेश खानापूरकरांनी उभं केलं आणि ते स्वतः निवृत्त भूवैज्ञानिक. तापीच्या दोन्ही बाजूंना गाळाची जाड जमीन आहे. वर चिकणमातीचा थर, त्याखाली वाळू-रेतीचे थर. वरचा थर पाणी आत जाऊ देत नाही. तो कापला की नाल्यातलं पाणी खालच्या रेतीत उतरतं. तिथे खोल जाण्याला कारण होतं, आणि ते कारण आधी माहीत होतं.

आता तेच डोळे मिटून अमळनेर-पारोळ्याच्या बरडावर केलं तर काय होईल? खाली बसाल्ट. मुरमाचा थर पातळ. पाणी त्या मुरमातूनच आडवं झिरपत विहिरीला जातं. जेसीबीने मुरूम काढून नेला म्हणजे पाणी धरणारी जागाच नेली. खाली अखंड पाषाण उघडा पडला की पाणी दिसतं भरपूर, फोटो छान येतो, आणि उन्हाने उडून जातं. उलटही होतं. नाल्याचा तळ बाजूच्या विहिरींच्या पातळीखाली गेला की विहिरींचं पाणी नाल्यात पाझरतं. शासनाने नाला खोलीकरणाला तीन मीटरची मर्यादा घातली ती उगाच नव्हे. पाळली किती जणांनी, तो वेगळा विषय.

तिसरा प्रकार रावेर-यावलवाल्यांचा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि रेतीचा पट्टा आहे, भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर असल्या नद्या डोंगरातून खाली आल्या की त्यांचं पाणी या पट्ट्यात गडप होतं. @केळीवाला, तुमच्या बोअरचं बरंचसं पाणी त्या पट्ट्यातून येतं. तुमच्याकडे नाला खणण्यापेक्षा त्या पायथ्याच्या पट्ट्यात पाणी थांबवणं जास्त कामाचं. तापी मेगा रिचार्ज योजनेमागे तोच विचार आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचा करार झाला.

आणि धुळे-नंदुरबारकडे आणखी एक गंमत. तिथे जमिनीत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती आहेत, कोसच्या कोस लांब. डाइक म्हणतात. काही ठिकाणी या भिंती जमिनीखालचं पाणी अडवतात. भिंतीच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असं शेजारी शेजारी दिसतं. मग भावकीत संशय, यानेच मोटर लावून पळवलं.

थोडक्यात, जेसीबी वाईट नाही. पण नाला कुठे मुरवतो आणि कुठे नुसता वाहून नेतो हे माहीत असल्याशिवाय तो लावू नये. ते तुमच्या पोरांच्या वहीतून कळेल. पाऊस थांबल्यावर दोन-तीन आठवडे चालत जा. पाणी कुठे अचानक कमी होतं आणि कुठे पुन्हा वर येतं, तेवढं नकाशावर मांडा.

अहिराणी_भो

आमना गावमा बी हाईच कथा शे भाऊ. नाला खोल कया, फोटू काढा, पेपरमा छापी उना. आते तठे पानी नही, फक्त बोर्ड शे.

केळीवाला_रावेर

@कातळ_आणि_गाळ नाना, एवढं कोणी नीट सांगितलंच नव्हतं. बझाड्याचं पटलं. पण शिरपूरकरांना जे मिळालं ते त्यांनी खणलं म्हणून मिळालं, एवढं तरी मान्य करा.

कातळ_आणि_गाळ

मान्य. गाळाच्या जमिनीत, हिशेबाने, बंधाऱ्यांसकट. नुसती चर खणून नाही.

पाटकरीण

साक्रीकडची मी. आमच्या आजोबांचं काम पाटकऱ्याचं होतं म्हणून हे नाव.

पांझरेवर फड पद्धत किती जुनी आहे ते इथे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. तीनशे वर्षांच्या पुढची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटावरून चाऱ्या आणि गावाच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका वर्षी ऊस असेल तर पुढे तो फेरा बदलणार. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा ते बसून ठरायचं. पाणी सोडायला पाटकरी, शेतात द्यायला बारेकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. आणि हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस. जो येणार नाही त्याला दंड.

त्या लोकांना नदी किती येते हे माहीत असल्याशिवाय असली वाटणी झालीच नसती. बंधाऱ्याच्या कोणत्या दगडापर्यंत पाणी आलं तर किती फड भिजतील हे आजोबा बघून सांगायचे. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं डोक्यात. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पुष्कळ फड मोडले. त्यांच्याबरोबर ते डोक्यातलंही गेलं.

बोरीकाठ दादा, तुमची पोरं जे लिहितात ते माझ्या आजोबांचंच काम आहे. सरपंचांना असं सांगा.

वाघूरची_माय

वाचतेय. धागा वाचनखुणांत साठवला. पण एक प्रश्न आईच्या नात्याने. पोरं पावसाळ्यात नाल्यात उतरतात, तुम्ही काय काळजी घेता? बाटल्यांच्या काचा, साप, आणि वरून अचानक लोंढा आला तर?

बोरीकाठ

ताई, चांगलं विचारलंत. आमचे नियम थोडे आहेत पण मोडत नाही. पाऊस चालू असताना किंवा पूर्वेकडे ढग काळे असताना नाल्यात उतरायचं नाही, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. लोंढा बरडावरच्या पावसाचा येतो, गावातल्या नाही. गुडघ्यावर पाणी असेल तर काठावरूनच नोंद. गमबूट नसतील तर जुने बूट, चप्पल नाही. पायाला जखम असेल तर त्या रविवारी तो लिहिणार, उतरणार नाही. घरी जाऊन साबणाने हातपाय. आणि औषधाच्या बाटलीला पोरांनी हात लावायचा नाही, ती मोठ्यांनी उचलायची.

डोंगरी_चाळीसगाव

लोंढ्यावरून आठवलं. ३१ ऑगस्ट २०२१. रात्रीतून तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या चढल्या. चाळीसगावात बाजारपेठेत पाणी, दुकानांत पाणी, गुरं वाहून गेली. पाटणादेवीच्या डोंगराकडे पाऊस कोसळला आणि खाली शहर बुडालं.

नंतर सगळे ढगफुटी, ढगफुटी करत होते. पाऊस प्रचंड होताच. पण नदीच्या आणि नाल्यांच्या पात्रात काय काय उभं राहिलं होतं तेही आम्ही बघितलंय. नाल्याला पाच-सात वर्षं पूर आला नाही की लोकांना वाटतं जागा मोकळी आहे. आधी कडब्याची गंजी, मग पत्र्याचं शेड, मग पायऱ्या. नाला विसरत नाही, तो येतो तेव्हा मोजून आपली जागा घेतो.

म्हणून बोरीकाठ, तुमच्या वहीत एक नोंद वाढवा. पुराची खूण. मोठा पूर ओसरला की काठावरच्या झाडांना, तारांच्या कुंपणाला कचरा अडकलेला असतो. त्याची उंची लगेच मोजून ठेवा, शाळेच्या भिंतीवर रंगाने रेघ मारा. पुढे कोणी तिथे घर बांधायला निघालं तर ती रेघ उपयोगी पडेल.

तिखट_शेव

एवढं गंभीर चाललंय म्हणून मध्येच विचारतो. नाल्यात खेकडे आहेत का अजून? आमच्या लहानपणी पहिल्या पावसात बॅटरी घेऊन जायचो. काळ्या मसाल्यातला रस्सा आणि कळण्याची भाकरी. आता त्या नाल्यात खेकडा दिसला तर तोच आपल्याला पाहून घाबरतो, की हा माणूस इथे कसा जगतोय.

अहिराणी_भो

खेकडानी आठवण काढी तुम्ही, आते माले झोप येवाव नही.

बोरीकाठ

खेकडे आहेत, पण शाळेच्या वर. शाळेच्या खाली, जिथे गावाची गटार मिळते तिथून पुढे, एकही नाही. हे आम्हाला पहिल्याच पावसाळ्यात कळलं आणि पोरांनाच कळलं.

पद्धत सोपी आहे. पिठाची जुनी चाळणी, पांढरं प्लास्टिकचं ताट, भिंग. वाहत्या पाण्यात दगड उचलायचा, खाली चाळणी धरायची, जे अडकेल ते ताटात. वरच्या अंगाला मेफ्लायच्या अळ्या मिळतात. शेपटीला बहुधा तीन बारीक तंतू, पोटाच्या बाजूंना हलणारे कल्ले. यांना स्वच्छ, हवा मिसळलेलं पाणी लागतं. चतुराच्या अळ्याही मिळतात. गटारीच्या खाली गेलं की ताटात फक्त लाल अळ्या, रक्तासारख्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या जिथे पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही तिथेही तग धरतात. एका पोराने विचारलं, "सर, मग लाल अळी हुशार ना?" मी सर नाही, वाचनालय चालवतो, पण पोरं ऐकत नाहीत.

प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर त्या क्षणाचं पाणी कळतं. किडे तिथे आठवडे-महिने राहिलेले असतात. काल रात्री कोणी काही सोडलं आणि सकाळी पाणी निवळलं तरी ताट खोटं बोलत नाही.

जलपरीक्षक_ताई

मी गावातल्या पाच बायकांपैकी एक. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, तर आमच्याकडे तपासणीची पेटी आली. बऱ्याच गावांत ती ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, किल्ली ग्रामसेवकाकडे. आधी ती बाहेर काढा.

त्यात पीएच, क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराईड, क्षारता असं बघता येतं. रंग बदलतो, तक्त्याशी जुळवायचा. जंतूंसाठी छोटी कुपी असते. पाणी भरून ठेवायचं, काळी पडली तर पाणी पिण्यालायक नाही असं समजायचं. आम्ही नाल्याकाठच्या हातपंपाचं पाणी घेतलं. कुपी काळी झाली. ती ग्रामसभेत टेबलावर ठेवली. त्याआधी तीन बैठकांत आम्ही बोलत होतो तेव्हा कोणी मान वर करत नव्हतं. काळी कुपी बघितल्यावर सगळे उठून जवळ आले.

आणखी एक बोलू का. इथे सगळे भाऊ-दादा लिहितायत. नाल्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? धुणं घेऊन बाया जातात, गुरं घेऊन म्हाताऱ्या जातात. कोणत्या महिन्यात पाण्याला फेस येतो, कोणत्या डबक्यात म्हैस तोंड घालत नाही, हे त्यांना विचारा. कानबाई देवीच्या विसर्जनाला गावभर मिरवत नाल्यावर जातो ना आपण, श्रावणात? त्या दिवशी पाणी कसं होतं ते गेल्या वीस वर्षांचं म्हाताऱ्या बायका सांगतील. कानबाई अमुक साली टाकीच्या पाण्यात बुडवावी लागली, हे कोणी विसरत नाही.

पाटकरीण

ताई, जोरदार अनुमोदन. कानबाईवरून दुष्काळाचं साल काढायची पद्धत मला माहीतच नव्हती. आईला विचारते आज.

कोथरूडचा_खान्देशी

छान चर्चा. यासाठी एक मोबाईल ॲप करता येईल. मुलांनी फोटो टाकायचा, जागा आपोआप येईल, सगळ्या नाल्यांचा एक नकाशा तयार होईल. मी शनिवारी-रविवारी करून देऊ शकतो. फक्त सगळ्यांनी एकाच पद्धतीने माहिती भरली पाहिजे.

तिखट_शेव

दादा, नाल्यात रेंज येत नाही. रेंज येते ती टेकडीवर, तिथे पाणी नाही.

बोरीकाठ

@कोथरूडचा_खान्देशी शेवभाऊची चेष्टा मनावर घेऊ नका. वहीचे फोटो पाठवले तर तुम्ही ते मांडून द्याल का? गावात वहीच राहू द्या. ती शाळेत टांगलेली असते, येताजाता म्हातारेही उलटतात. "हे चूक लिहिलंय, त्या दिवशी पाणी जास्त होतं" असं भांडायला येतात. फोनमध्ये गेली की कोणी भांडणार नाही.

कोथरूडचा_खान्देशी

पाठवा. हे चालेल.

सातबारा_आणि_मी

जमिनीच्या बाजूचं थोडं. नाला कोणाचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. नद्या, ओढे, नाले, त्यांचे तळ हे सरकारचे, जोवर दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे "नाला माझ्या गटातून जातो, मी बुजवीन" हे चालत नाही. तसंच "मी डिझेल देतो, मी खणीन" हेही चालत नाही. मुरूम आणि वाळू गौण खनिजात येतात, परवानगी लागते. खोलीकरणाच्या नावाखाली वाळू कुठे जाते हे गिरणेकाठच्यांना मी सांगायला नको.

आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. जुन्या नकाशात नाला किती रुंद आहे ते बघा आणि मग टेप घेऊन जा. बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं नांगराच्या एकेका तासाने नाला बांधात गेलेला असतो. तुमच्या नोंदींचा पहिला नकाशा तोच असू द्या.

गिरणा_वाळू

वाळूचं बोललात म्हणून सांगतो, आमच्याकडे कोण वाळू नेतं, कोणाचे ट्रॅक्टर आहेत, कोणत्या पक्षाचा…

संपादक

गिरणा_वाळू, पुढचा मजकूर काढला आहे. व्यक्तींची नावं आणि पक्ष नकोत. वाळूने पात्राचं काय होतं ते जरूर लिहा.

गिरणा_वाळू

ठीक. वाळू गेली की पूर संपल्यावर महिनाभर झिरपणारं पाणी जातं. वाळू हीच नदीची टाकी. आमच्या काठच्या विहिरी पूर्वी संक्रांतीपर्यंत हाताने शेंदता यायच्या. आता दसऱ्याला मोटर. बाकी तुम्ही काढलंच आहे.

सादडा

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, पण काम तीस वर्षांहून जुनं आहे. गावाने सुरुवात नाल्यापासून केली नाही, जंगलापासून केली. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल गावाने स्वतः राखलं. कुऱ्हाडीला बंदी, दंड गावाने ठरवलेला, राखणीची पाळी. जोडीला दगडी बांध. वर झाडी आली तसे खालचे झरे टिकू लागले, विहिरी भरल्या, आणि शेजारच्या गावांनाही पाणी द्यायची वेळ आली.

मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. २००४ पासून तिथे वनभाज्यांची स्पर्धा होते. बायका रानातून भाज्या आणतात, रांधतात, कोणती कुठे मिळते ते सांगतात. लोकांना वाटतं, जेवणाचा कार्यक्रम. पण रानात काय वाढतंय आणि काय दिसेनासं झालंय याची ती दरवर्षीची हजेरी असते, भाषण न करता. बोरीकाठ, तुमच्या रविवारच्या फेरीला असं काही खाण्यापिण्याचं जोडा. माणसं टिकतात.

आणि जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितलेली आहे. तुमच्या पोरांचे खेकडे, चतुर, माशांची गावठी नावं त्या नोंदवहीत घालायचा ठराव करून घ्या. मग ती पोरांची वही राहत नाही, गावाचं दप्तर होतं.

केळीवाला_रावेर

पाणी किती आहे हे मोजता येतं का पण? किडे, भाज्या, कानबाई सगळं ठीक. मला आकडा सांगा. आकड्याशिवाय माझ्यासारखा माणूस ऐकणार नाही.

कातळ_आणि_गाळ

येतं. एक लिंबू लागतं.

नाल्याचा सरळ, सारखा वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना दोरी. वरच्या दोरीच्या जरा अलीकडे लिंबू टाका, एका दोरीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते बघा. तीन-चार वेळा करून सरासरी. मग रुंदी आणि पाच-सहा ठिकाणची खोली.

समजा रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, लिंबू २५ सेकंदांत गेलं. वेग सेकंदाला ०.४ मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणा, ०.३४ आलं. २ गुणिले ०.१५ गुणिले ०.३४, म्हणजे ०.१०२ घनमीटर. सेकंदाला साधारण शंभर लिटर. दिवसभर तसंच वाहिलं तर ८८ लाख लिटर.

दुसरा आकडा पावसाचा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. बरडाचं क्षेत्र माहीत असेल आणि शाळेत पर्जन्यमापक असेल, तर पडलं किती आणि नाल्यातून गेलं किती याचा अंदाज पोरंच काढतील. गणिताच्या तासाला घ्या. गुरुजी खूश.

अहिराणी_भो

लिंबू दहा रुपयानं एक शे आते. बोर चाली का?

कातळ_आणि_गाळ

चालेल. पाण्यात जवळजवळ बुडून तरंगेल असं काहीही. थर्माकोल नको, वारा त्याला ढकलतो.

बोरीकाठ

उशिरा लिहितोय, ग्रामसभा झाली. विचारत होतात म्हणून वृत्तांत.

नेहमीप्रमाणे गणपूर्तीसाठी अर्धा तास. नाल्याचा विषय आल्यावर पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ. "पोरांचे खेळ" हा शब्द दोनदा आला. मग आम्ही जुन्या गावनकाशाची नक्कल आणि पोरांनी काढलेला नकाशा शेजारी शेजारी लावले. पोरांच्या नकाशात तीन रंग. निळा, जिथे पाऊस थांबल्यावरही पाणी टिकतं. पिवळा, जिथे ते मुरतं. लाल, गटारीच्या खालचा. पिवळा तुकडा नेमका तिथे होता जिथे जेसीबी लावायचं ठरलं होतं. एक आजोबा उठून म्हणाले, "तठलाच मुरूम काढशात तर मनी विहीर मरी." ते बोलल्यावर हवा फिरली. माझ्या बोलण्याने फिरली नसती.

ठरलं ते असं. नाल्याच्या तळाला हात लावायचा नाही. खालच्या जुन्या सिमेंट बंधाऱ्यात गाळ भरलाय, तो जेसीबीने काढून ज्याला हवा त्याने शेतात न्यायचा. डिझेल त्याच कामाला. दात्यांचं तोंड जरा वाकडं झालं, कारण बंधारा गावाबाहेर आहे, बोर्ड कोणाला दिसणार? बोर्ड शाळेजवळ लावू म्हटल्यावर मिटलं. गटारीच्या तोंडाशी शोषखड्डा करायचं "पुढच्या आराखड्यात घेऊ" असं लिहून घेतलंय. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

अतिक्रमणाचा विषय मी काढला नाही. दोन्ही नकाशे भिंतीवर होते, ज्याला बघायचं त्याने बघितलं.

डोंगरी_चाळीसगाव

नकाशे काढून टाकू नका. राहू द्या भिंतीवर.

जलपरीक्षक_ताई

पेटीची किल्ली मिळाली का?

बोरीकाठ

मिळाली. आतल्या काही रसायनांची मुदत संपलेली आहे, नवीन मागवायला पत्र दिलंय.

केळीवाला_रावेर

बरं, माझं ऐका. माझ्या मळ्यामागे नाला आहे, डोंगराकडून येतो, दोन शेतं ओलांडली की गायब. लहानपणापासून बघतोय, कधी विचार केला नाही. वहीला रकाने कोणते आखू?

बोरीकाठ

तारीख, वेळ, कालचा पाऊस, पाणी कुठपर्यंत आलं (खुणेचा दगड किंवा झाड ठरवा), लिंबाचे सेकंद, रंग, वास, काय दिसलं, कोणी बघितलं. तुमच्यासाठी पाणी गायब होण्याची जागा सगळ्यात महत्त्वाची, ती पावसाप्रमाणे पुढे-मागे सरकते. तिथे दर वेळी खुंटी ठोका.

केळीवाला_रावेर

एक रकाना वाढवतो, नाल्यात कोणी काय टाकलं. केळीची खोडं, घडांवरच्या निळ्या पिशव्या, सगळं तिथे येतं. नाव पण लिहू का?

सातबारा_आणि_मी

नाव लिहिलंत तर वही आठवड्यात नाल्यात जाईल. पिशव्या लिहा, किती ते लिहा.

तिखट_शेव

आणि खेकडा दिसला तर मला फोन करा.